एका बोटाचं काजळ

सुंदराबाईंनी अमरोली चार रस्त्यावरच्या हातगाडीवर अकरा गॉगल घालून पाहिले आणि चार घेतले. अकरा का, तर वस्तू पारखून घ्यावी. आंबा हुंगून घ्यावा, नारळ हलवून घ्यावा, सून दोन वेळा चहा प्यायला जाऊन, तिला चालायला लावून घ्यावी. मग गॉगल तेवढा न घालता घ्यायचा? सुरतेत डोळ्यांची साथ आली होती आणि त्या आठवड्यात निम्मं सुरत त्याच गाडीवर गॉगल पारखून जात होतं. सुंदराबाईंच्या आधी एक रिक्षावाला निळ्या काचेचा गॉगल लावून आरशात बघत होता. त्याच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं. 'बिचारा, भाव ऐकून रडला असेल,' असं म्हणून सुंदराबाईंनी त्याच्या नाकावरून उतरलेला गॉगल आपल्या नाकावर चढवला. तो पसंत करून बाजूला ठेवला, डोळ्याचा कोपरा चुरचुरला म्हणून बोटाने चोळला, आणि पुढचा मागितला.

घरात माणसं पाच आणि गॉगल चार, हा हिशेब चुकलेला नव्हता. यजमान शालिग्राम, मुलगा धर्मेंद्र, नात पूजा आणि स्वतः सुंदराबाई. सून वर्षाला गॉगल कशाला? ती तर घरातच असते. शिवाय चार गॉगल कोणा एकाच्या नावाचे नव्हतेच. दाराशेजारच्या खिळ्यावर टांगलेले. बाहेर जाईल त्याने घालावा, घरी येईल त्याने काढावा. सुंदराबाईंच्या घरात वस्तू वाया जात नसे.

डोळ्यांत डोळा घातला की डोळे येतात, हे सुंदराबाईंना तिसरीत शाळा सोडायच्या आधीपासून माहीत होतं. आणि तिसरीनंतर शिकण्यासारखं जगात काही उरत नाही, असं त्यांचं स्पष्ट मत होतं. चाळीस वर्षांपूर्वी अमळनेरकडून सुरतेला आल्या, तेव्हापासून याच मतावर त्यांनी संसार ओढला होता. शालिग्रामांचा एक कान कापड विणायच्या लूमच्या खडखडाटाने गेला होता. दुसरा त्यांनी लग्नानंतर स्वतःहून बंद केला होता. त्यामुळे घरात मतभेद असे नव्हतेच.

पण ही एवढी तयारी काही नुसत्या डोळ्यांसाठी नव्हती. येत्या रविवारी कानबाई बसणार होती, आणि ती सुंदराबाईंच्या घरी बसणार होती.

नागपंचमीनंतरच्या रविवारी खानदेशी माणूस जिथे असेल तिथे कानबाई बसवतो. चौरंगावर नारळाची देवी, तिला चांदीचे डोळे, नाकात नथ, अंगावर कोरं पातळ. घरातल्या दर पुरुषामागे सव्वा मूठ गहू मोजून त्याचे रोट करायचे, ते भाऊबंदांनीच खायचे. आणि सोमवारी सकाळी घरच्या बाईने चौरंग डोक्यावर घेऊन वाजतगाजत तापीवर जायचं. एकतीस वर्षं हा चौरंग कतारगामला थोरल्या जाऊबाईंच्या, केवळबाईंच्या डोक्यावर होता. एकतीस वर्षं सुंदराबाई मागे चालत टाळ्या वाजवत होत्या. यंदा केवळबाईंच्या गल्लीत गटाराचं काम निघालं आणि दारात असा खड्डा पडला की पाहुणा आला तर पायरीऐवजी खड्ड्यातच उतरावा. भाऊबंदांनी ठरवलं, यंदा कानबाई कोसाडला, सुंदराच्या घरी. सुंदराबाईंनी त्या खड्ड्याला मनातल्या मनात नारळ वाढवला.

"सुंदरा, जमेल ना तुला?" चांदीचे डोळे आणि नथ हवाली करताना केवळबाई म्हणाल्या होत्या. "नाहीतर मी खड्ड्यावर फळी टाकून बसवते हो."

"फळी राहू द्या जिजी. तुमच्या वजनाला तुटायची."

असा प्रेमाचा निरोप झाला होता.

बुधवारी वर्षा मसाल्यासाठी लाल मिरच्या भाजत होती. समोरच्या बिल्डिंगमध्ये सात जणांचे डोळे आले होते, म्हणून सुंदराबाईंनी स्वयंपाकघराची खिडकी घट्ट लावून घेतली होती. समोरून कोणी बघितलं तर? सरकारी आवास योजनेतलं ते स्वयंपाकघर, दोन बायका उभ्या राहिल्या तर तिसरी भांडी होऊन जावी एवढं. त्यात दोन किलो मिरची. थोड्या वेळाने वर्षा खोकत बाहेर आली, तेव्हा तिचे डोळे मिरचीच्याच रंगाचे झाले होते.

सुंदराबाईंनी घाईघाईने गॉगल लावला. घाबरल्या किंवा चिडल्या की त्यांची भाषा ताप्ती लाईनच्या गाडीत बसून थेट अमळनेरला पोचत असे.

"देख, देख इना डोया! टमाट्यासारखा लाल शेतस! ऐन कानबाईच्या तोंडावर!"

"आत्याबाई, मिरचीचा धूर आहे. खिडकी तुम्हीच लावली ना?"

"गप बठ. मिरच्या मी पन्नास वर्षं भाजल्या."

"खिडकी उघडी ठेवून भाजल्या असतील."

तेवढ्यात दारात गायत्री उभी राहिली. गायत्री म्हणजे आरोग्याच्या कामावर घरोघर फिरणारी पोरगी. खांद्याला पिशवी, हातात वही. जन्मली सुरतेत, आईबाप जामनेरचे, त्यामुळे तिच्या एका वाक्यात तीन राज्यं नांदत.

"मावशी, घरात कोणाचे डोळे आलेत का?"

"ही बघ, पुढ्यातच उभी आहे. पण तू बघू नकोस, तुलाही येतील. गॉगल देऊ?"

गायत्री हसली. "बघण्याने नाही येत मावशी. हात लागल्याने येतात. डोळ्याचा हात टुवालाला, टुवालाचा दुसऱ्याच्या तोंडाला, एम फरे छे. गॉगलने काही अडत नाही, आणि एकमेकांचा गॉगल तर घालूच नका. साबणाने हात धुवायचे, टुवाल, उशी वेगळी ठेवायची, काजळ एकमेकांचं लावायचं नाही. आंखने हाथ नहीं लगाडवानो, बस." मग वर्षाकडे वाकून म्हणाली, "ताई, चिकटतात का सकाळी? नाही? मग मिरचीच वाटते. उद्यापर्यंत उतरेल."

गायत्रीने दहा गोष्टी सांगितल्या होत्या. सुंदराबाईंनी त्यातली सोयीची एक उचलली.

"ऐकलंस ना? टुवाल वेगळा. उशी वेगळी. चल, गॅलरीत."

त्या दुपारपासून वर्षाचा मुक्काम गॅलरीत हलला. तिचं ताट वेगळं, पेला वेगळा, टुवाल वेगळा, साबणाची नवी वडीसुद्धा वेगळी. तिने कशाला हात लावायचा नाही, आणि तिच्या वस्तूला कोणी हात लावायचा नाही. गुरुवारी सकाळी तिचे डोळे धुतल्या कापडासारखे स्वच्छ झाले, पण शिक्षा उठली नाही. 'आतून असतात,' असं सुंदराबाईंनी तिन्ही मजल्यांवर जाहीर केलं. वर्षानेही फार वाद घातला नाही. लग्न होऊन दहा वर्षं झाली, एवढी झोप तिला माहेरीसुद्धा मिळाली नव्हती. ती पाय पसरून बसे, आणि आतून भांड्यांचा आवाज आला की मदत करी.

"आत्याबाई, जिरं डावीकडच्या डब्यात."

"माहिती आहे मला!"

"तो हळदीचा उघडलात."

त्याच सकाळी सुंदराबाई उठल्या तेव्हा उजवा डोळा उघडेना. पापण्या खळीने चिकटवल्यासारख्या. बोट ओलं करून सोडवल्या, तर आत वाळू पडल्यासारखं खुपत होतं.

"आजी, तुझा डोळा लाल आहे," पूजा म्हणाली. पूजा नऊ वर्षांची, आणि तिला सगळं दिसत असे, हा तिचा मोठा दोष होता.

"मना डोयामा कचरा ग्या," सुंदराबाईंनी विषय संपवला. "तू दप्तर भर."

कचऱ्यावर औषध घरातच होतं. सुंदराबाईंचं काजळ. एरंडेलाच्या दिव्यावर तांब्याची थाळी उपडी धरून, ओवा जाळून, गाईच्या तुपात खललेलं. त्यांच्या आईने दिलेल्या पितळी डबीत ते असे, आणि त्याची कीर्ती कोसाड ओलांडून अमरोलीपर्यंत गेलेली. सुंदराबाईंनी करंगळीवर काजळ घेतलं आणि दुखऱ्या डोळ्यात दाबून भरलं. गारगार वाटलं. मग त्यांच्या मनात आलं, घरात एक डोळे आलेली बाई गॅलरीत बसली आहे, रविवारी कानबाई आहे, नुसत्या गॉगलवर कसं भागेल? सगळ्यांनाच घालावं. करंगळी पुन्हा डबीत गेली. हात धुवायला कशाला हवा, घरचीच तर माणसं.

"आई, मला नको," धर्मेंद्र म्हणाला. तो कतारगामला हिऱ्याच्या कारखान्यात बसत असे. "कारखान्यात हसतील मला."

"हसू दे. दिवसभर डोळ्याला भिंग लावून हिरे बघतोस. डोळे गेले तर काय नाकाने बघशील?"

बत्तीस वर्षांच्या धर्मेंद्रला काजळ घातलं गेलं. पूजाला घातलं. शालिग्राम पेपर वाचत होते, त्यांचा चष्मा वर सरकवून त्यांनाही घातलं. शालिग्राम आरशात बघून म्हणाले, "कोणाच्या वरातीला जायचंय?" दुसऱ्या मजल्यावरच्या दोन बायका कीर्ती ऐकून आल्या, त्यांचीही सोय झाली. आपल्या हाताला यश आहे, हे सुंदराबाईंना मान्य होतं. ते लोकांपासून लपवणं त्यांना जमत नसे.

"वर्षालाही घाल की," शालिग्राम म्हणाले.

"तिचा डोळा लागलेलं बोट माझ्या डबीत? मी अडाणी आहे, मूर्ख नाही."

शुक्रवारी दुपारी पूजा शाळेत आणि धर्मेंद्र कारखान्यात असताना केवळबाई आल्या. निमित्त रोटांचे गहू नीट निवडलेत का ते बघण्याचं. त्यांनी गहू निवडून बघितले, पातळाचा पोत चिमटीत धरून बघितला, चौरंगाचा पाय हलवून बघितला. मग त्यांची नजर गॅलरीतल्या वर्षाकडे गेली, आणि त्या दोन पावलं मागे सरल्या.

"हे काय? डोळे आलेत हिचे?"

"म्हणून तर ठेवली बाजूला. बाकी घर बंदोबस्तात आहे."

"तुझाही लाल दिसतो."

"कचरा गेला. काजळ घातलंय. तुम्हाला घालू, जिजी?"

केवळबाईंनी एकतीस वर्षांत सुंदराच्या हातचं पाणीसुद्धा नाक न मुरडता घेतलं नव्हतं. पण साथीची भीती आणि फुकटचं काजळ एकत्र आलं. त्यांनी मान वर केली. "घाल. बेताने घाल हं, थापू नकोस." मग आरशात बघून म्हणाल्या, "डाव्यात कमी पडलं. आणखी घाल." सुंदराबाईंनी आणखी घातलं. केवळबाईंनी दिलेली ती पहिलीच शाबासकी होती, आणि ती त्यांनी जिव्हाळ्याने दोन्ही डोळ्यांत भरून परत केली.

शनिवारी सकाळी घर उठलं, पण घराचे डोळे उघडले नाहीत.

धर्मेंद्र चाचपडत न्हाणीघरात गेला. पूजा "अंधार का आहे?" असं विचारत होती. शालिग्राम शांतपणे म्हणाले, "आता कान गेले, डोळे गेले. राहिलं तोंड, ते पहिल्यापासून तुझ्याकडेच आहे." सुंदराबाईंचे तर दोन्ही डोळे सुजून बटाटेवडे झाले होते. धर्मेंद्र गॉगल घालून तसाच कारखान्यात गेला आणि तासाभरात परत आला. शेठने त्याला दारातच ओळखलं होतं.

"शेठ म्हणाला, चार जण एकच भिंग वापरता, तू घरी जा. आता सगळी भिंगं स्पिरिटने पुसतायत. आणि आई, कोणी हसलं नाही. घाबरले सगळे."

वर आणखी दुसऱ्या मजल्यावरच्या दोघी ओरडत आल्या. त्यांच्या मागोमाग वही घेऊन गायत्री आली.

"मावशी, पहिले कोणाचे आले?"

सुंदराबाईंनी न बघताच गॅलरीकडे बोट केलं. पण गॅलरीतून वर्षा उठून उभी राहिली. न्हालेली, वेणी घातलेली, आणि डोळे असे स्वच्छ की त्या खोलीत तेवढेच चमकत होते. गायत्रीने तिच्या पापण्या न शिवता, वाकून बघितलं.

"हिला तर कंईच नथी."

"पहिला आजीचा आला," पूजा ओल्या रुमालाआडून बोलली. "गुरुवारी. ती म्हणाली कचरा गेला. मग तिने स्वतःला काजळ घातलं, मग त्याच बोटाने पप्पांना, मग मला, मग आजोबांना, मग खालच्या काकूंना. ज्याला ज्याला घातलं त्याला त्याला आलं. आईला नाही घातलं. आईला नाही आलं."

नऊ वर्षांच्या पोरीने सगळं असं मांडल्यावर गायत्रीला वहीत लिहायचं तेवढं उरलं.  शालिग्रामांचा बंद कान त्या वेळी उघडा असावा, कारण ते भिंतीकडे तोंड करून हसत होते.

"आणि मावशी, तुम्हाला कुठून?" गायत्रीने विचारलं.

सुंदराबाईंना तो निळा गॉगल आणि त्याच्याखाली रडणारा रिक्षावाला आठवला. "देवाला माहीत," त्या म्हणाल्या.

बातमी कतारगामला पोचायला फोनला जेवढा वेळ लागतो तेवढाच लागला. संध्याकाळी चार वाजता केवळबाई दारात हजर. आत आल्या नाहीत. उंबऱ्याबाहेर उभ्या राहून पदर नाकाला लावला, जसं काही डोळे नाकाने येतात.

"चल, चांदीचे डोळे काढ, नथ काढ. कानबाई माझ्याकडे बसेल. फळी टाकलीय खड्ड्यावर."

सुंदराबाईंच्या पोटात खड्डा पडला, आणि त्यावर टाकायला फळी नव्हती. "का म्हणून?"

"ज्या घरात डोळे आले, त्या घरात कानबाई बसत नाही."

"कोण म्हणालं?"

"आपली सासू."

"ती माझीही सासू होती. मला नाही कधी म्हणाली."

"तुझ्याशी ती बोलत नव्हती, सुंदरा."

हे खरं होतं, म्हणून सुंदराबाई आणखी चिडल्या. पण एकतीस वर्षांचा चौरंग उंबऱ्यातून परत जायला निघाला होता. चिडण्याने तो थांबणार नव्हता. "नियम सांगा जिजी, खरा नियम. देवीला नेसवायचं, रोट करायचे, चौरंग उचलायचा, हे घरच्या बाईने करायचं. एवढंच ना?"

"घरच्या बाईने. पण बाई निरोगी हवी. आहे तुझ्या घरात कोणी निरोगी?" केवळबाई गोड हसल्या. "तू तर गॉगल लावून भिंतीशी बोलतेस. मी इकडे आहे."

सुंदराबाई वळल्या. काळ्या काचेतून त्यांना केवळबाई धूसर दिसत होत्या, पण खोलीच्या दुसऱ्या टोकाची गॅलरी मात्र लख्ख. त्या चार पावलं चालल्या. गेल्या दहा वर्षांत सुनेकडे त्या चालत गेल्या नव्हत्या. हाक मारत होत्या, सून येत होती.

"वर्षा."

"काय आत्याबाई?"

"चल, आत ये. काम आहे."

"मी कशी येऊ? माझे डोळे आलेत ना? तिन्ही मजल्यांना तुम्हीच सांगितलं."

"नही येल. ते... मिरचीचं होतं."

"काय म्हणालात? मोठ्या आत्याबाईंपर्यंत आवाज गेला नाही."

सुंदराबाईंनी एक आवंढा गिळला. आयुष्यात त्यांनी बरंच काही गिळलं होतं. सासूचे टोमणे, लूमची धूळ, केवळबाईंचे नमस्कार. हा आवंढा सगळ्यांत मोठा होता.

"मिरचीचं होतं!" त्या ओरडल्या. "खिडकी मीच लावली होती! माझ्या सुनेचे डोळे स्वच्छ आहेत! ऐकलं का, खालच्या मजल्यावर?"

खालून कोणीतरी "ऐकलं!" म्हणालं.

वर्षा आत आली, पण लगेच कामाला लागली नाही. पदर खोचून मधोमध उभी राहिली. "करते मी सगळं. पण कानबाई आहे तोवर घर माझ्या पद्धतीने चालेल. दारात साबण आणि बादली. येईल त्याने आधी हात धुवायचे, मग पाया पडायचं. प्रत्येकाचा नॅपकिन वेगळा, त्यावर सुईदोऱ्याने खूण. खिळ्यावरचे गॉगल साबणाने धुतले जातील आणि ज्याचा त्याच्याकडे राहील. ज्यांचे डोळे आलेत त्यांनी रोटाच्या कणकेजवळ फिरकायचं नाही. आणि काजळाची डबी मला द्या."

"डबी नही मिळणार. मन्या मायनी डबी शे ती."

"डबी उकळून परत देईन. काजळ टाकणार."

सुंदराबाईंनी केवळबाईंकडे बघितलं. केवळबाई नथीसाठी हात पुढे करून उभ्याच होत्या. त्या हाताकडे बघत सुंदराबाईंनी कमरेची डबी काढली आणि सुनेच्या हातात ठेवली.

"आणि तुम्ही झोपायचं कुठे, आत्याबाई?" वर्षाने विचारलं.

"कुठे म्हणजे?"

वर्षाने गॅलरीकडे बघितलं. तिथे तीच गादी होती, नवी उशी होती, वेगळं ताट, वेगळा पेला आणि साबणाची निम्मी वडी.

रविवारी कानबाई बसली. भाऊबंद आले, दारात रांगेने हात धुतले. अमळनेरचे एक काका म्हणाले, "देवळात जातोय का दवाखान्यात?" तर पूजाने त्यांच्या हातावर दुसऱ्यांदा साबण घासला. वर्षाने एकटीने रोट भाजले, पुरण घातलं, गंगाफळाची भाजी केली, खीर आटवली. सुंदराबाई गॅलरीत गॉगल लावून बसल्या होत्या आणि आवाजावरून घर चालवायचा प्रयत्न करत होत्या.

"खिरीत वेलदोडा घातला का वं?"

"घातला. तुम्ही फक्त डोळ्याला हात लावू नका."

"मी कुठे लावला?"

"आजी, आत्ता लावला," पूजा म्हणाली.

देवीला नेसवून झालं. नथ चढली, चांदीचे डोळे बसले. त्यांच्या घरचा रिवाज असा, की शेवटी घरच्या बाईने आपल्या करंगळीने देवीला काजळ घालायचं. वर्षाने हात धुतले, बाजारातून आणलेली नवी कांडी फोडली, आणि कापसाची काडी घेऊन चांदीच्या डोळ्यांवर बारीक रेघ ओढली.

सुंदराबाईंना राहवलं नाही. "काडीने? कानबाईचे काय डोळे येणार आहेत?"

"तिचे नाही येणार," वर्षा म्हणाली. "पण आज घरात सगळे जण तिच्याच डोळ्यांत बघणार आहेत. तुम्हीच सांगता ना, बघण्याने येतात?"

भाऊबंद हसले. शालिग्राम सगळ्यांत मोठ्याने हसले, आणि ते बहिरे आहेत हे सगळ्यांना माहीत असल्याने सुंदराबाईंना त्यांच्यावर रागावताही आलं नाही.

सोमवारी सकाळी ढोल वाजला. चौरंग वर्षाच्या डोक्यावर चढला. कोसाडच्या आवासातल्या बाया फुगड्या घालत पुढे निघाल्या. पण वर्षाच्या हुकमाने हातात हात न धरता, पदराची टोकं धरून. धर्मेंद्र आपला धुतलेला गॉगल लावून बायकोच्या मागे चालत होता, आणि डोक्यावर देवी घेतलेल्या बायकोकडे असा बघत होता की जणू त्याच्या भिंगाखाली आजच काहीतरी सापडलं आहे.

सुंदराबाई सगळ्यांच्या मागे, चार हात अंतर राखून. बत्तिसाव्या वर्षीही मागेच. पण या खेपेला टाळ्या वाजवताना त्यांना वाईट वाटेना, याचं त्यांनाच नवल वाटत होतं. चौरंग त्यांच्याच घरातून निघाला होता. "मनी व्हऊ शे," रस्त्यात भेटेल त्याला त्या सुनेकडे बोट करून सांगत होत्या. "मीच तयार केलीय. तीन दिवस सगळ्यांपासून जपून ठेवली, म्हणून आज उभी आहे."

केवळबाई त्यांच्या शेजारून, चार हात सोडून चालत होत्या. गॉगल नाही, काही नाही, मान ताठ.

"बघ सुंदरा," त्या म्हणाल्या, "तुझ्या घरादाराचे डोळे आले. माझे बघ. स्वच्छ. आपल्याला नाही होत असलं काही. रक्त चांगलं लागतं."

 सुंदराबाईंना शुक्रवारची दुपार आठवली. वर केलेली मान. 'डाव्यात कमी पडलं, आणखी घाल.' त्यांनी गॉगलमागे डोळे बारीक करून, बोटांवर न मोजता, मनातल्या मनात मोजलं. शुक्रवार. शनिवार. रविवार.

"काय गं, गप्प का?" केवळबाईंनी डाव्या डोळ्याचा कोपरा पदराने पुसला. थोडं थांबून पुन्हा पुसला. "धूळ फार आहे या रस्त्याला. कचरा गेला वाटतं."

"हो, जिजी," सुंदराबाई म्हणाल्या. "तसाच जातो तो."

मग त्यांनी पिशवीतून शालिग्रामांच्या वाट्याचा चौथा गॉगल काढला. वर्षाने साबणाने धुऊन, कागदात गुंडाळून ठेवलेला, निळ्या काचेचा. हात लांब करून, चार हातांचं अंतर न मोडता, तो त्यांनी जाऊबाईंच्या पुढ्यात धरला.

"ठेवा," त्या म्हणाल्या. "आणि घरी गेल्यावर टुवाल तेवढा वेगळा घ्या."